जागृतीनंतरचा प्रश्न

वैद्यकाचे ग्रंथ वाङ्मयाच्या दरबारांत सहसा येत नाहींत, आणि आले तरी तेथें त्यांना मानाचें आसन मिळत नाहीं. रोगाचें वर्णन करणारा ग्रंथ वैद्यांनीं वाचावा आणि रोग्याचें दुःख सांगणारा ग्रंथ रसिकांनीं वाचावा, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविलेली असते. ही वांटणी ज्याच्यापुढें टिकत नाहीं असा एक ग्रंथ म्हणजे डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांचा ‘अवेकनिंग्ज’, म्हणजे ‘जागृति’, हा होय. तो १९७३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. पुढील वर्षीं त्यास हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळालें. त्याच्या आधारें १९८२ सालीं एक नाटक रंगभूमीवर आलें व १९९० सालीं एक चित्रपट निघाला. प्रसिद्धीनंतर पन्नासांहून अधिक वर्षें लोटल्यावर आज त्याचा परामर्श घेण्याचें कारण दुहेरी आहे. मेंदूच्या कठीण विकारांविषयीं सुशिक्षित समाजांत जी समजूत रूढ झाली आहे, ती घडविण्यांत या ग्रंथाचा वांटा मोठा आहे, हें एक. आणि ग्रंथकाराच्या सत्यनिष्ठेविषयींच अलीकडे गंभीर शंका उपस्थित झाली आहे, हें दुसरें. तेव्हां या ग्रंथावर कोठपर्यंत विसंबावें व कोठें सावध राहावें, याचा निर्णय वाचकानें आतां डोळसपणें केला पाहिजे.

विषय समजण्यासाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. पहिलें महायुद्ध चालू असतां युरोपांत एक विलक्षण साथ उद्भवली. व्हिएन्ना येथील डॉ. कॉन्स्टन्टिन फॉन एकोनोमो यांनीं १९१७ सालीं तिचें वर्णन केलें व तिला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ हें नांव दिलें. सामान्य लोक तिला निद्रारोग म्हणत. मात्र आफ्रिकेंत माशीच्या दंशानें होणारा निद्रारोग तो हा नव्हे. मेंदूस सूज येऊन कोणी आठवडेच्या आठवडे झोंपून राहत, तर कोणाची झोंप समूळ नाहींशी होई. १९२७ च्या सुमारास ही साथ जशी आली तशीच ओसरून गेली. तिचें मूळ कारण अद्यापहि निर्विवादपणें ठरलेलें नाहीं. डॉ. सॅक्स यांनीं दिलेल्या आंकड्याप्रमाणें सुमारें ५० लाख लोक तिच्या तडाख्यांत सांपडले व त्यांपैकीं एकतृतीयांश दगावले. परंतु जे वांचले त्यांच्यांतील अनेकांची खरी आपत्ति पुढेंच होती. कांहीं महिन्यांनीं, कित्येकदां कांहीं वर्षांनीं, त्यांचें शरीर हळूहळू थिजत गेलें. हीं माणसें बसविलीं तेथें बसत, वळविलीं तिकडे पाहत. तीं निद्रिस्त नव्हतीं आणि, हें विशेष ध्यानांत ठेविलें पाहिजे, बहुतेक वेडींहि नव्हतीं. त्यांच्या आंत कोणीतरी जागें होतें. त्या जागेपणाला बाहेर येण्यास मात्र वाट नव्हती.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील बेथ अब्राहम या रुग्णालयांत असे सुमारें ८० रोगी होते. १९६६ सालीं डॉ. सॅक्स तेथें रुजू झाले. ग्रंथांत या रुग्णालयास त्यांनीं ‘माउंट कार्मेल’ असें कल्पित नांव दिलें आहे. याच काळांत कंपवाताच्या उपचारांत मोठें परिवर्तन होत होतें. या व्याधीचें पहिलें नेमकें वर्णन लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं केलें, आणि तिला पुढें त्यांचेंच नांव मिळालें. पण तिचें रासायनिक मर्म उलगडावयास जवळजवळ दीड शतक लागलें. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनीं १९५७ च्या सुमारास डोपामिन या द्रव्याचें मेंदूंतील कार्य दाखवून दिलें. कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंत याच द्रव्याचा तुटवडा असतो, हें व्हिएन्नाचे हॉर्नीकिएविच यांनीं १९६० सालीं सिद्ध केलें. डोपामिन सरळ दिलें तर तें रक्तांतून मेंदूंत शिरूं शकत नाहीं. पण ज्यापासून तें शरीरांत बनतें तो लेव्होडोपा शिरतो, आणि तेथें त्याचें डोपामिन होतें. या लेव्होडोपाशीं आपल्या देशाचाहि संबंध आहे. ज्या खाजकुहिलीच्या शेंगेचें नांव काढतांच अंगास खाज सुटते, तिच्या बियांतून हेंच द्रव्य मद्रास येथील दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं वेगळें काढून दाखविलें होतें. त्याचा मेंदूशीं काय संबंध आहे हें मात्र त्या वेळीं जगांत कोणासच ठाऊक नव्हतें. अमेरिकेंत जॉर्ज कॉट्झियस यांनीं १९६७ सालीं ही मात्रा क्रमाक्रमानें वाढवीत मोठ्या प्रमाणांत देण्याची रीत बसविली, आणि ती खरोखर गुणकारी ठरली.

१९६९ च्या मार्चमध्यें डॉ. सॅक्स यांनीं आपल्या रोग्यांस तें औषध देण्यास आरंभ केला. त्यांचा मूळ बेत नव्वद दिवसांच्या रीतसर परीक्षेचा होता. निम्म्या रोग्यांस औषध व निम्म्यांस केवळ औषधासारखी दिसणारी निःसत्त्व गोळी द्यावयाची होती. परंतु परिणाम इतका उघड दिसूं लागला, कीं कोणाहि रोग्यास तो नाकारणें त्यांच्या मनास पटलें नाहीं, व ती योजना त्यांनीं सोडून दिली. चाळीस-चाळीस वर्षें निश्चल राहिलेलीं माणसें उठलीं, चाललीं, बोललीं, हंसलीं. ग्रंथांत अशा वीस रोग्यांचीं चरित्रें आहेत, आणि त्यांच्या शेवटीं या साऱ्या अनुभवाचें तत्त्व शोधणारें एक विवेचन आहे.

यांतील एकच चरित्र नमुन्यादाखल घेऊं. रोझ आर. ही न्यूयॉर्कच्या एका संपन्न कुटुंबांतील मुलगी १९२६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, आजारी पडली. १९६९ सालीं औषधानें ती जागी झाली तेव्हां तिचें बोलणें, तिच्या तोंडचीं गाणीं, तिचे विनोद सारे १९२६ सालचे होते. १९३७ सालीं वारलेला गर्शविन हा संगीतकार जणूं हयात आहे, अशा थाटांत ती त्याच्याविषयीं बोले. हा भ्रम नव्हता. आज कोणतें साल आहे, आपलें वय काय आहे, मधल्या काळांत जगांत काय काय घडलें, हें सर्व तिला ठाऊक होतें. परंतु त्यांतील कांहींच तिला खरें वाटत नव्हतें. थोड्याच आठवड्यांत तिच्यावर पुन्हां पूर्वीची अवस्था ओढवली, आणि त्यानंतर औषधाचा तसा गुण तिला कधींच आला नाहीं. हरवलेल्या आयुष्याचें दर्शन तिला सोसवलें नसावें, म्हणून ती परत आपल्या काळांत गेली असावी, असें अनुमान ग्रंथकारांनीं केलें आहे. हें अनुमान हृदयस्पर्शी आहे; पण हृदयस्पर्शी अनुमान व सिद्ध कारण यांत अंतर असतें. दीर्घकाळ दुखावलेल्या मेंदूची औषधास प्रतिसाद देण्याची शक्तीच त्या थोड्या आठवड्यांत संपली, असेंहि म्हणतां येईल. ग्रंथाचें बळ व ग्रंथाचा धोका हीं दोन्हीं या एका चरित्रांत एकत्र दिसतात.

प्रथम बळाचा विचार करूं. आमच्या मतें या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण हा, कीं तो जागृतीपाशीं थांबत नाहीं. औषध मिळालें, रोगी उठला, आप्तेष्टांच्या डोळ्यांत आनंदाश्रु आले, येथें सामान्य लेखकानें कथा संपविली असती. डॉ. सॅक्स यांची कथा येथून सुरू होते. त्यांनीं रोग्यांच्या प्रवासाचे तीन टप्पे मानले आहेत: जागृति, मग संकट, आणि शेवटीं तडजोड. संकट असें, कीं त्याच मात्रेनें आज माणूस मोकळा होई, तर उद्यां त्याचे हातपाय आवरेनासे होत. कोणाची वासना, कोणाचा संताप, कोणाची घाई अनावर होई. आणि मात्रा किंचित् कमी केली तर तो पुन्हां दगडासारखा होई. बेताची मात्रा शोधावी, तर ती सांपडेनाशी होई. तडजोड म्हणजे हार नव्हे. औषध काय देऊं शकतें व काय देऊं शकत नाहीं हें ओळखून, संगीत, काम, मायेचें माणूस, मोकळी हवा यांच्या आधारानें उरलेलें आयुष्य उभें करणें, असा तिचा अर्थ ग्रंथकारांनीं केला आहे. अनेकांना तें साधलें. ‘रोगी बरा झाला कीं नाहीं?’ हा एकच प्रश्न विचारणाऱ्या आपल्या संवयीला या ग्रंथानें दिलेला धक्का मोलाचा आहे.

या धक्क्याचा उपयोग केवळ ग्रंथप्रेमी वाचकास आहे असें नाहीं. ज्या घरांत कंपवाताचें माणूस आहे, त्या घरांत रोज जे गैरसमज होतात, त्यांचा उलगडा या पानांत होतो. कंपवात म्हणजे हात थरथरणें, एवढेंच आपणांस ठाऊक असतें. परंतु हालचाल सुरूच न होणें, पाऊल जमिनीस खिळणें, आवाज बारीक होणें, चेहऱ्यावरील भाव मावळणें हीं लक्षणें अधिक छळणारीं असतात. चेहरा हलत नाहीं म्हणून आजोबांस नातवाचें कौतुक उरलें नाहीं, असें घरचे समजतात. मघां अंगणापर्यंत चालत गेलेली आई आतां खुर्चीवरून उठत नाहीं, म्हणजे ती हट्ट करते, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः लेव्होडोपाचा अंमल चढतो व उतरतो; दोन मात्रांच्या दरम्यान तोच मनुष्य अगदीं निराळा दिसूं शकतो. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर औषध घेतल्यास कित्येकांस त्याचा गुण उशिरा व कमी येतो, हेंहि आतां सर्वमान्य आहे. जो सपाट जमिनीवर अडतो तो जिना बिनदिक्कत चढतो. ज्याचें पाऊल उचलत नाहीं तो गाण्याच्या तालावर किंवा दुसऱ्याच्या हाताच्या स्पर्शानें चालूं लागतो. ग्रंथांतील फ्रान्सेस डी. या बाईच्या चरित्रांत संगीताचा हा प्रभाव फार बारकाईनें टिपला आहे. हें ढोंग नव्हे, हा व्याधीचाच स्वभाव आहे. एवढें जरी एखाद्या घरांत कळलें, तरी तेथील पुष्कळ कटु शब्द न उच्चारले जातील.

या ग्रंथावरून झालेल्या कलाकृतींकडे पाहिलें म्हणजे मूळ ग्रंथाचा हा गुण अधिकच उठून दिसतो. हॅरॉल्ड पिंटर यांचें ‘अ काइंड ऑफ अलास्का’ हें छोटें नाटक १९८२ सालीं लंडनमध्यें झालें. एकोणतीस वर्षांनीं जागी झालेली डेबोरा, तिचा वैद्य व तिची बहीण अशीं तीनच पात्रें त्यांत आहेत. नाटककारानें रोगाचें वर्णन टाळून, हरवलेल्या काळापुढें मनुष्याची भाषा कशी अपुरी पडते, तेवढेंच दाखविलें. पेनी मार्शल यांच्या १९९० च्या चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. रॉबर्ट डी नीरो यांचा अभिनय अभ्यासपूर्ण आहे, आणि जागृति टिकत नाहीं हेंहि चित्रपट लपवीत नाहीं. परंतु वीस भिन्न जीवितांचा त्यानें एकच उन्हाळा केला: सारे एकदम उठले आणि सारे परत निजले. तडजोडीचा लांबलचक, नीरस वाटणारा, पण खऱ्या पराक्रमाचा जो भाग ग्रंथांत आहे, तो पडद्यावर जवळजवळ गळाला. त्यामुळें चमत्कार किंवा शोकान्त, या दोहोंखेरीज तिसरी गति नाहीं, असें प्रेक्षकास वाटूं लागतें. दीर्घ व्याधीशीं संसार करणाऱ्या कुटुंबांस नेमकी ही तिसरी गतीच समजून घ्यावयाची असते.

आतां दोषाकडे वळूं. हा ग्रंथ लक्षपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं. यांतील रोगी, मग ते कोणत्याहि थरांतले असोत, एकाच पल्लेदार व उपमासंपन्न भाषेंत बोलतात, आणि ती भाषा ग्रंथकारांच्या भाषेशीं विलक्षण जुळते. दीर्घकाळ हें लेखनशैलीचें वैशिष्ट्य म्हणून खपून गेलें. परंतु डिसेंबर २०२५ मध्यें ‘द न्यू यॉर्कर’ या नियतकालिकांत रेचल अविव यांचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. डॉ. सॅक्स २०१५ सालीं निवर्तले. त्यांच्या मागें राहिलेल्या खासगी रोजनिशा व पत्रें पाहून लिहिलेल्या या लेखावरून असें दिसून आलें, कीं रोग्यांच्या म्हणून दिलेल्या कांहीं उद्गारांत व तपशिलांत त्यांनीं स्वतःच्या कल्पनेची भर घातली होती, आणि त्याची टोचणी त्यांच्या मनालाहि होती. ललित लेखकास हें स्वातंत्र्य आहे. वैद्यास तें नाहीं. रोगवृत्तान्त हा पुरावा असतो. त्यावर दुसरा वैद्य विचार करतो, दुसरें कुटुंब आशा बांधतें. म्हणून ‘सत्य थोडें सजविलें, त्यांत काय बिघडलें?’ हें समर्थन येथें चालणार नाहीं.

या दोषाचें स्वरूप लेनर्ड एल. याच्या चरित्रांत सर्वांत स्पष्ट दिसतें. लेनर्ड हा मोठा विद्याव्यासंगी. लहानपणींच हात आंखडूं लागले असतांहि तो हार्वर्ड विद्यापीठांत शिकला. तिशीच्या सुमारास रुग्णालयांत आला, आणि बोलणें बंद झाल्यावर अक्षरांच्या फळीवर एकेक अक्षर दाखवून आपलें म्हणणें सांगूं लागला. त्याची आई त्याची शुश्रूषा करी. रुग्णालयाच्या ग्रंथालयाचें काम तो पाही, आणि तेथील मासिकांत दरमहा ग्रंथपरीक्षणें लिही. १९६९ सालीं औषधानें हात मोकळे झाले तेव्हां यानें काय करावें? आंखडलेल्या दोन बोटांनीं यंत्रावर टंकून सुमारें पन्नास हजार शब्दांचें आत्मचरित्र लिहिलें! पुढें औषधाचा परिणाम अनावर झाला, तें थांबवावें लागलें, आणि लेनर्ड परत पूर्वस्थितीस गेला. या मनुष्याविषयीं वाचकास जें कळतें, तें डॉ. सॅक्स यांच्या लेखणीनें. त्याचे स्वतःचे पन्नास हजार शब्द या ग्रंथांत नाहींत. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या ग्रंथांचें परीक्षण केलें, त्याचा स्वतःचा ग्रंथ मात्र दुसऱ्याच्या ग्रंथांतील एक घटना होऊन राहिला. डॉ. सॅक्स यांचें त्याच्यावर प्रेम होतें, यांत आम्हांस शंका नाहीं. पण प्रेमानें केला तरी वाणीचा हा अपहारच होय.

मग हा ग्रंथ टाकाऊ ठरतो काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचें कारण सांगणें अवश्य आहे. ग्रंथाच्या देहांतील मांस शंकास्पद झालें, तरी अस्थि शाबूत आहेत. औषधाचा गुण कालान्तरानें चढउतार दाखवूं लागतो, अंगविक्षेप उत्पन्न होतात, हें डॉ. सॅक्स यांनीं १९७० सालीं अमेरिकेंतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांतून सांगितलें, तेव्हां कित्येक व्यवसायबंधु त्यांच्यावर रुष्ट झाले. नव्या औषधाचा तो उत्सवाचा काळ होता. पुढें इतरांच्याहि अनुभवानें त्याच गोष्टी पटल्या, व आज त्या पाठ्यपुस्तकांत आहेत. तथापि एक विवेक वाचकानें ठेविला पाहिजे. हे रोगी साथीच्या रोगानें मेंदू पोळलेले, दशकानुदशकें निश्चल राहिलेले होते. त्यांना औषध सोसण्याची शक्ति फार थोडी होती. सामान्य कंपवाताचा मार्ग इतका वादळी नसतो. शिवाय उपचारहि पुढें गेला आहे. लेव्होडोपाचा शरीरांत इतरत्र होणारा व्यय रोखणारें कार्बिडोपा त्याच्या जोडीस देण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकांत रूढ झाली, त्यामुळें पुष्कळ कमी मात्रेंत काम भागूं लागलें. फ्रान्समध्यें ग्रनोबल येथें बेनाबिद यांनीं १९८७ सालीं मेंदूंत खोलवर सूक्ष्म तार बसवून विजेच्या मंद स्पंदनांनीं कंप आवरण्याची रीत आरंभिली, व निवडक रोग्यांस ती आज लाभदायक ठरते. मात्र झिजलेल्या पेशी परत आणणारें किंवा ती झीज थांबविणारें सिद्ध औषध अद्याप नाहीं. तेव्हां हा ग्रंथ वाचून लेव्होडोपास भिणें जितकें चूक, तितकेंच तो चमत्कार मानणेंहि चूक. आणि खाजकुहिलीच्या बियांतहि तेंच द्रव्य असतें म्हणून वैद्यास न विचारतां घरींच चूर्णाचे प्रयोग करणें तर सरळ धोक्याचें, कारण बियांतील त्याचें प्रमाण सर्वत्र सारखें नसतें.

उरतो तो रोग्याच्या वाणीचा प्रश्न. डॉ. सॅक्स यांनीं यंत्रें व आंकडे यांच्या पलीकडे जाऊन ‘तुम्हांस कसें वाटतें?’ हें रोग्यास विचारलें, ही त्यांची थोरवी. उत्तर पुरतें ऐकून घेण्याआधींच तें आपल्या सुंदर भाषेंत पुरें केलें, ही त्यांची उणीव. पहिली गोष्ट त्यांच्यापासून शिकावी, आणि दुसरी आपल्या हातून होऊं देऊं नये. आपल्याकडे पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थांत रोगी व त्यांचे आप्त एकत्र बसून आपले अनुभव आपल्याच मराठींत सांगतात. त्या सांगण्यांत डॉ. सॅक्स यांच्या उपमा नसतील, वाक्यें तुटक असतील, आवाज ऐकूं येण्यासाठीं कान जवळ न्यावा लागेल. पण तें बोलणें त्यांचें स्वतःचें असेल. ‘जागृति’ हा ग्रंथ जिज्ञासूंनीं अवश्य वाचावा. वाचून झाल्यावर मात्र, घरांतील जें माणूस हळू बोलतें म्हणून आपण त्याचें वाक्य नेहमीं स्वतःच पुरें करतों, त्याला तें एकदां शेवटपर्यंत बोलूं द्यावें.